पोलंडच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेला खुलं पत्र: स्पेनला लढायला गेलेल्या तुमच्या माणसांबद्दल

प्रति,
राष्ट्रीय स्मृती संस्था, वॉर्सॉ

नमस्कार. तुम्हाला इथे सगळे इपेएन म्हणतात, मीही पुढे तेच म्हणते.

मी कोल्हापूरची. गेली सात वर्षं वॉर्सॉमध्ये राहते, आधी नवऱ्याच्या नोकरीमुळे आले, आता माझीही नोकरी इथेच आहे, पोरगी इथल्या शाळेत जाते. पत्र मराठीत लिहितेय कारण यातल्या निम्म्या गोष्टी माझ्याकडच्या लोकांनाही माहीत नाहीत आणि त्यांनी त्या वाचाव्यात असं मला मनापासून वाटतं. पण पत्र तुम्हालाच आहे, पोलिश प्रत वेगळी पाठवतेय.

आम्ही प्रागा-पूवनोत्स भागात भाड्याने राहतो, म्हणजे विस्तुला नदीच्या पूर्वेला. पोरीला शाळेत सोडताना वाटेत एक रस्ता लागतो, झाडं आहेत, जुन्या इमारती आहेत, कोपऱ्यावर वॉर्सॉची ती नेहमीची निळी पाटी आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरात लिहिलंय दोंब्रोव्श्चाकूफ. सुरुवातीला मला ते कुणाचं तरी आडनाव वाटलं. मग एकदा शेजारच्या आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, ती स्पेनला लढायला गेलेली आपली पोरं. आणि मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, हे नाव मध्ये काढायला निघाले होते, वाचलं कसंबसं.

आवाज खाली का आणला, हे मला कळेना. आपल्या गावातून कोणी परक्या देशातल्या लोकांसाठी जीव द्यायला गेलं असेल तर माणूस ते अभिमानाने सांगेल ना. तिथून मी वाचायला लागले, दोन वर्षं मिळेल ते वाचलं, आणि म्हणून हे पत्र.

तुमच्या मते हे नाव म्हणजे कम्युनिझमचा प्रचार. म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर तुम्ही पहिल्याच पानावर मला स्टालिनची वकील समजाल. स्टालिनने पोलिश माणसांचं काय केलं हे मला कोणी शिकवायला नको, ते आमच्या गावाला लागून राहत होतं. माझी आजी उचगावची. उचगावच्या शेजारी वळिवडे, तिथे 1943 ते 1948 तुमच्या देशातली साधारण पाच हजार माणसं राहिली, बहुतेक बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. पूर्व पोलंडमधून स्टालिनने ज्यांना गुरांसारखं मालगाडीत भरून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं त्यातलीच ही, 1941 नंतर सुटली, इराणमार्गे हिंदुस्थानात आली. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. ती सांगते, बराकींच्या रांगा होत्या, कौलांखाली दारात फुलझाडं लावलेली, रविवारी चर्चमधलं गाणं बांधापर्यंत ऐकू यायचं, पोलिश पोरं पंचगंगेत पोहायला यायची आणि त्यातली एक मुलगी आजीच्या आईकडून शेंगा घ्यायची आणि मराठीत "किती झालं मावशी" म्हणायची. त्या मुलीचे वडील अँडर्सच्या सैन्यात होते, म्हणजे रशियातून सुटलेल्या पोलिश माणसांचं जे सैन्य जनरल अँडर्सने उभं केलं त्यात. ते परत आले की नाही हे आजीला कधी कळलं नाही, पण आजही पोलंडचा विषय निघाला की ती पहिलं तेच विचारते.

तुम्ही लोकांनी हे लक्षात ठेवलंत. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मारक आहे, इथे वॉर्सॉत माँते कासिनोच्या (अँडर्सचं सैन्य इटलीत जिथे लढलं ती 1944 ची लढाई) स्मारकाजवळ 2017 पासून कोल्हापूरच्या नावाची पाटी आहे. पहिल्यांदा ती बघितली तेव्हा मी तिथेच उभी राहून रडले होते, खरंच सांगते, परक्या शहरात आपल्या गावाचं नाव दगडावर कोरलेलं दिसणं म्हणजे काय हे ज्याचं त्यालाच कळतं. तर उपकार लक्षात ठेवणारी माणसं तुम्ही, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच स्पेनला गेलेल्यांचं नाव रस्त्यांवरून काढायचं, हा दुसरा विषय मला पटत नाही, गळी उतरत नाही.

आता माझ्याकडच्या वाचकांसाठी थोडं मागे जाते.

स्पेनमध्ये जुलै 1936 ला निवडून आलेल्या रिपब्लिक सरकारविरुद्ध सेनापतींनी बंड केलं, पुढे फ्रँको त्यांचा म्होरक्या झाला, हिटलरने विमानं दिली, मुसोलिनीने फौजच्या फौज पाठवली. इंग्लंड-फ्रान्सने हस्तक्षेप नको म्हणून कमिटी काढली आणि हात वर केले. सरकारच्या बाजूने लढायला जगभरातून साधारण 35 हजार माणसं स्वतःहून गेली, त्यांच्या त्या इंटरनॅशनल ब्रिगेड. त्यात पोलंडची साडेचार ते पाच हजार. फ्रेंचांनंतरच्या सगळ्यात मोठ्या गटांपैकी हा एक.

आणि ही माणसं कोण? मला वाटलं होतं कॉलेजातली पुस्तकी पोरं असतील. तशीही होती, पण त्यात कोळसा खाणीतले मजूर खूप, आणि तेही पोलंडमधून आलेले कमी, उत्तर फ्रान्स आणि बेल्जियमच्या खाणीतून आलेले जास्त. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सला मजूर पाहिजे होते, 1919 ला दोन सरकारांनी करार केला आणि लाखो पोलिश माणसं तिकडे गेली, मंदी आली तशी नकोशी झाली. 1934 च्या ऑगस्टमध्ये लफोरे इथल्या खाणीत पोलिश मजुरांनी खाली उतरून संप केला तर फ्रेंच सरकारने त्यांना बायकापोरांसकट आगगाडीत बसवून देशाबाहेर काढलं. म्हणजे फ्रान्सला ते नको होते, आणि पोलंडमध्ये काम नव्हतं, वर सरकारविरुद्ध बोललं तर बेरेझा कार्तुस्कासारखी छावणी होती जिथे खटला न चालवता डांबायचे. ज्यू पोरांची अवस्था आणखी वाईट, मार्च 1936 ला प्शितिकमध्ये दंगल झाली, पुढच्या वर्षी विद्यापीठांत ज्यूंना वेगळ्या बाकांवर बसवायला लागले. अशा सगळ्या पोरांना स्पेनमध्ये एक जागा दिसली जिथे हिटलरच्या माणसांना समोरासमोर गोळी घालता येत होती. 1936 मध्ये. जेव्हा बाकीचं जग हिटलरच्या ऑलिंपिकला टाळ्या वाजवत होतं.

पोलंडमधून निघालेले तात्रा डोंगर ओलांडून चेकोस्लोव्हाकियात, तिथून ऑस्ट्रिया, मग पॅरिस, मग दक्षिणेला पेर्पिन्यां. 1937 च्या फेब्रुवारीत सीमेवर पहारा बसला, त्यानंतर पिरेनीज डोंगर रात्रीतून चालत पार करायचा. बुटांचा आवाज होतो म्हणून पायात दोरीच्या तळव्याच्या कापडी चपला, दिवा नाही, बिडी-काडी नाही, पुढच्याच्या पाठीकडे बघत चालायचं. मी एकदा पावसाळ्यात पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे चालत गेलेय, टॉर्च, बूट, रेनकोट सगळं असूनही रात्री पावलं टाकताना धडकी भरत होती. ही माणसं चपलांवर बर्फातून गेली आणि पलीकडे त्यांची वाट बघत काय होतं, तर युद्ध.

बटालियनला नाव दिलं यारोस्वाव दोंब्रोव्स्कीचं. हे नाव काही मॉस्कोतून आलेलं नाही हो. दोंब्रोव्स्की रशियाच्या झारविरुद्धच्या 1863 च्या उठावाची तयारी करणारा तुमचाच माणूस, झारच्या कैदेतून पळाला, पॅरिस कम्यूनचा, म्हणजे पॅरिसच्या लोकांनी बंड करून काढलेल्या सरकारचा, सेनापती झाला आणि मे 1871 ला तिथल्या बॅरिकेडवर गोळी लागून मेला. म्हणून ते दोंब्रोव्श्चाक. 8 नोव्हेंबर 1936 ला अकरावी ब्रिगेड माद्रिदच्या ग्रान व्हिया रस्त्यावरून चालत आली तेव्हा त्यात ही बटालियन होती. फ्रँकोची फौज शहराच्या वेशीवर होती, सगळे पत्रकार माद्रिद पडल्याच्या बातम्या तयार ठेवून बसले होते. लढाई झाली कासा दे काम्पोच्या झाडीत आणि मग विद्यापीठाच्या इमारतींत, मजल्यामजल्यावरून, जिन्याजिन्यावरून. त्याच ब्रिगेडच्या माणसांनी तत्त्वज्ञान विभागाच्या खिडक्यांत जाडजूड पुस्तकं रचून त्यांच्या आडून गोळ्या चालवल्या. कासा दे वेलास्केझ नावाची फ्रेंच संस्थेची इमारत होती, तिथे दोंब्रोव्स्की बटालियनची माणसं अडकली आणि हटली नाहीत, तिथेच संपली. माद्रिद मात्र पडलं नाही, आणखी जवळपास अडीच वर्षं नाही पडलं.

मग खारामा, ग्वादालाखारा, उएस्का, ब्रुनेते. 1937 च्या उन्हाळ्यात तेरावी ब्रिगेड दोंब्रोव्स्कीच्या नावाची झाली. डिसेंबर 1937 ला त्यात नफ्ताली बोत्विन कंपनी निघाली, ज्यू सैनिकांची, त्यांची भाषा यिद्दिश, त्यांचं वर्तमानपत्र यिद्दिशमध्ये. पहिला कमांडर कारोल गुतमान दोन-तीन महिन्यांतच एस्त्रेमादुरात मारला गेला, त्याच्यानंतरचेही टिकले नाहीत. नाझींविरुद्ध ज्यूंनी हत्यार उचललं म्हटलं की सगळ्यांना वॉर्सॉच्या घेट्टोतला, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतला, 1943 चा उठाव आठवतो आणि तो आठवायलाच पाहिजे, पण त्याच्या पाच वर्षं आधी स्पेनच्या खंदकात ही पोरं हेच करत होती. आणि त्यातली काही त्या घेट्टोतही पोचली. पिंकुस कार्तिन स्पेनमध्ये लढला, युद्धात पॅराशूटने पोलंडमध्ये उतरला, घेट्टोत शिरून माणसं जमवली, मे 1942 ला पकडला गेला आणि मारला गेला. त्याच्या नावापुढे तुम्ही काय लिहिणार आहात?

1938 च्या जुलैत एब्रो नदी ओलांडली, ती शेवटची मोठी लढाई. ऑक्टोबरच्या 28 तारखेला बार्सिलोनात ब्रिगेडना निरोप दिला, शांततेच्या ऑलिव्हला पानं फुटतील तेव्हा परत या असं स्पेनच्या कम्युनिस्ट नेत्या दोलोरेस इबारुरी म्हणाल्या. इंग्रज इंग्लंडला गेले, अमेरिकन अमेरिकेला. पोलिश माणसं कुठेच गेली नाहीत.

कारण त्यांना देशच उरला नव्हता. 1920 च्या कायद्यात होतं की सरकारच्या परवानगीशिवाय परक्या सैन्यात गेलं की नागरिकत्व जातं, तो कायदा यांना लावला. मला या गोष्टीचा सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण मी स्वतः परदेशात राहते. रेसिडन्स कार्डच्या रांगेत फाइल छातीशी धरून उभी राहिलेय, एक कागद कमी पडला की पोटात कसा गोळा येतो ते मला माहीत आहे. आणि यांचा कागद नाही, अख्खा देश काढून घेतला. आणि गंमत नाही, दुःख म्हणून सांगते, ज्या रिपब्लिकसाठी लढल्याबद्दल नागरिकत्व काढलं त्याच रिपब्लिकला पोलंडची सेपेवे ही निर्यात कंपनी सरकारच्या संमतीने रायफली आणि काडतुसं विकत होती, हस्तक्षेप न करण्याच्या कमिटीत बसून. बंदूक विकली तर व्यापार, आणि बंदूक हातात धरली तर गुन्हा, असा तो न्याय होता.

तर 1939 च्या फेब्रुवारीत ही माणसं फ्रान्सची सीमा ओलांडून आली आणि फ्रान्सने त्यांना सँ-सिप्रियांच्या समुद्रकिनाऱ्यावर काटेरी तारांच्या आत वाळूवर ठेवलं. छप्पर नाही, वाऱ्याने वाळू उडून डोळ्यांत, हातांनी खड्डे करून झोपायचे. मग गुर्स, मग ल वेर्ने, काहींना थेट अल्जीरियातल्या जेल्फाला. सप्टेंबर 1939 ला हिटलर पोलंडवर चालून गेला तेव्हा त्याच्याशी लढायचा सगळ्यात जास्त अनुभव असलेली पोलिश माणसं तारांच्या आत बसून होती आणि त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता.

आता तुमचं म्हणणं. मी ते वाचलंय, टाळत नाही. तुम्ही म्हणता, या ब्रिगेड कॉमिन्टर्नने, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या मॉस्कोतल्या संघटनेने, उभ्या केल्या, कॉमिन्टर्न स्टालिनच्या मुठीत, म्हणजे ही माणसं स्पेनमध्ये स्टालिनचं राज्य आणायला लढली, म्हणून त्यांचं नाव रस्त्याला असणं म्हणजे कम्युनिझमचा प्रचार. 1 एप्रिल 2016 च्या कायद्यानंतर तुमच्या याच मतावर पाट्या बदलायला सुरुवात झाली. ग्दान्स्कमध्ये 2017 ला दोंब्रोव्श्चाकांच्या रस्त्याला राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्कींचं नाव आलं. वॉर्सॉत बऱ्याच रस्त्यांचे आदेश कोर्टात गेले आणि डिसेंबर 2018 ला सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात टिकले नाहीत, म्हणून आमच्या इथली पाटी अजून दिसते.

तुमच्या म्हणण्यात खरं काय आहे ते आधी मान्य करते. हो, ब्रिगेड कॉमिन्टर्नच्याच होत्या. हो, त्यातले बरेच जण पार्टी मेंबर होते. हो, रिपब्लिकच्या बाजूने भयंकर गोष्टी झाल्या, पावणेसात हजारांहून जास्त पाद्री आणि नन मारले गेले, कॅथलिक पोलंडला ते वाचून काय वाटलं असेल हे मी समजू शकते. स्टालिनच्या माणसांनी बार्सिलोनात आपल्याच बाजूच्या डाव्यांना संपवलं, त्यांचा नेता आंद्रेउ निन याला पळवून नेऊन मारलं. आणि स्पेनहून परतलेल्यांपैकी काही जण 1945 नंतर पोलंडमध्ये सत्तेवर बसले, काहींनी लोकांना छळलं. ग्झेगोझ कोर्चिन्स्कीचं नाव तुम्ही घ्याल, घ्याच, युद्धात ज्यूंच्या हत्यांशी त्याचं नाव जोडलं गेलं आणि डिसेंबर 1970 ला ग्दान्स्कमध्ये कामगारांवर गोळ्या चालल्या तेव्हा तिथली सूत्रं त्याच्या हातात होती. त्याच्यासाठी मी एक शब्द बोलणार नाही.

पण मग पुढचंही मोजा ना. गेलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश माणसं स्पेनच्या मातीतच राहिली. त्यांनी 1945 बघितलं नाही. त्यांनी कोणाला छळलं नाही, कोणती फाइल उघडली नाही, कुठल्या ऑफिसात बसले नाहीत. कासा दे वेलास्केझमध्ये मेलेल्या खाणमजुराला 1949 च्या वॉर्सॉतल्या कोठडीचा हिशेब कसा मागता? कोणत्या तोंडाने मागता?

आणि स्टालिनचं म्हणाल तर, ही माणसं खंदकात असताना स्टालिन त्यांच्यामागे त्यांचीच माणसं मारत होता. 1937-38 च्या त्या पोलिश ऑपरेशनमध्ये सोव्हिएत पोलिसांनी एक लाख अकरा हजारांवर माणसं गोळ्या घालून मारली, त्यात बहुतेक पोलिश. पोलंडची कम्युनिस्ट पार्टीच 1938 ला बरखास्त केली, नेते मॉस्कोला बोलावून संपवले. स्पेनमध्ये काम करणारे काझिमिएझ चिखोव्स्की आणि गुस्ताव राइखर, दोघांना बोलावणं आलं, दोघे गेले, दोघे मारले गेले. वळिवड्याच्या बायकांना मालगाडीत भरणारा आणि राइखरला भिंतीला उभा करणारा हात एकच होता. मग तुम्ही एकाला बळी म्हणता आणि दुसऱ्याला त्या हाताचा नोकर म्हणता, आणि एब्रोच्या काठावर मेलेल्या साध्या पोरांनाही त्या दुसऱ्याबरोबर त्याच दावणीला बांधता, हे मला बरोबर वाटत नाही.

नंतरचं तर किती गुंतागुंतीचं आहे. झामोश्चचा युझेफ एप्श्टाइन स्पेनहून परत आला, फ्रान्समध्ये कर्नल जिल नावाने पॅरिसच्या भूमिगत लढ्याचं नेतृत्व केलं, एप्रिल 1944 ला नाझींनी त्याला मों-वालेरियांला गोळ्या घातल्या. वात्स्वाव कोमार 1945 नंतर लष्करी गुप्तहेर खात्याचा प्रमुख झाला, तो भाग मला आवडत नाही, पण मग स्पेनला जाऊन आलेल्यांवर संशय घ्यायची लाट आली आणि त्यालाच अटक झाली, आणि सुटल्यावर ऑक्टोबर 1956 ला सोव्हिएत रणगाडे वॉर्सॉकडे निघाले तेव्हा त्यांच्यासमोर शहर राखायला ज्याने आपली दलं तयार ठेवली तो हाच कोमार. 1968 ला कम्युनिस्ट सरकारनेच ज्यूंविरुद्ध मोहीम काढली आणि हजारो ज्यू देश सोडून गेले, त्यात स्पेनमध्ये लढलेले म्हातारेही होते. म्हणजे आयुष्यात दुसऱ्यांदा देश गेला. पहिल्यांदा स्पेनला लढले म्हणून आणि दुसऱ्यांदा ज्यू म्हणून. हे सगळं एका पाटीवर कसं मावेल, मला कळतं. पण म्हणून पाटीच उतरवायची?

आमच्याकडचं एक उदाहरण सांगते, ते स्पेनचंच आहे. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार, लोक त्यांना बाळाजी हुद्दार म्हणायचे. डॉ. हेडगेवारांचे सहकारी, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. पत्रकारिता शिकायला लंडनला गेले आणि तिथून स्पेनला, जॉन स्मिथ हे नाव घेऊन इंटरनॅशनल ब्रिगेडमध्ये. एप्रिल 1938 ला गांदेसाच्या भागात फ्रँकोच्या सैन्याने पकडलं, बुर्गोसजवळ सान पेद्रो दे कार्देन्या नावाच्या जुन्या मठात कैदेत ठेवलं, जिथे जगभरातल्या ब्रिगेडवाल्यांना कोंबलेलं होतं. सुटून परत आले, पुढे कम्युनिस्ट झाले. आता या माणसाला कुठल्या कप्प्यात टाकायचं? आमच्याकडेही दोन्ही बाजूंना ते अडचणीचेच वाटतात, म्हणून फारसं कोणी त्यांचं नाव काढत नाही, नागपुरात वाढलेल्या माझ्या मैत्रिणीनेही ते माझ्याकडूनच ऐकलं. म्हणजे हा आजार फक्त तुमच्याकडे नाही, मी बाहेरून येऊन शहाणपण शिकवतेय असं समजू नका.

स्पेनमध्ये काम केलेले आमचे डॉ. अटल 1938 ला चीनला वैद्यकीय पथक घेऊन गेले, त्याच पथकात सोलापूरचे डॉ. कोटणीस होते, महाराष्ट्रात त्यांना लहान पोरंसुद्धा ओळखतात. आणि स्पेनमधूनच चीनला गेलेल्या डॉक्टरांत तुमचे स्तानिस्वाव फ्लातो होते. कोटणीसांचं नाव आम्ही अभिमानाने घेतो आणि त्यांना चीनमध्ये कम्युनिस्टांनी डोक्यावर घेतलं म्हणून आमच्या रस्त्यांवरून ते पुसत नाही.

तुमच्याकडे एक वाक्य आहे, झा नाशों इ वाशों वोल्नोश्च, आमच्या आणि तुमच्या स्वातंत्र्यासाठी. 1831 ला वॉर्सॉच्या रस्त्यावर झारविरुद्धच्या मोर्चात ते पहिल्यांदा झळकलं. दोंब्रोव्श्चाकांच्या झेंड्यावर तेच होतं. आणि माँते कासिनोच्या पोलिश स्मशानभूमीतही तेच कोरलंय, की आम्ही पोलिश सैनिकांनी आमच्या आणि तुमच्या स्वातंत्र्यासाठी आत्मा देवाला दिला, देह इटलीच्या मातीला आणि काळीज पोलंडला. शेंगा घेणाऱ्या त्या मुलीचे वडील याच वाक्याखाली लढले. स्पेनमधले खाणमजूरही याच वाक्याखाली लढले. माँते कासिनोचं वाक्य दगडात आहे आणि स्पेनचं वाक्य तुम्ही खरवडून काढताय. शब्द तेच आहेत, अक्षर न् अक्षर.

मी काय मागतेय ते सरळ सांगते. दोंब्रोव्श्चाक हा शब्द म्हणजे कम्युनिझमचा प्रचार हे तुमचं मत मागे घ्या. पुतळे उभारा म्हणत नाही, सगळ्यांना हिरो करा म्हणत नाही. माणसागणिक बघा. तुमच्याकडे कागद आहेत, फाइली आहेत, अभ्यासक आहेत, त्या साडेचार-पाच हजारांतला कोण कुठून आला, कोणत्या खाणीत होता, कुठे मेला किंवा पुढे काय झाला, ज्याने लोकांना छळलं त्याने केलेला छळही, हे एकेक नाव घेऊन लोकांसमोर ठेवा. आणि आमच्या कोपऱ्यावरच्या पाटीखाली एक छोटी पाटी लावा, की ही माणसं 1936 ते 1939 स्पेनमध्ये लढली, त्यांच्यापैकी इतकी परतली नाहीत आणि त्यांच्या देशाने त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं होतं. ही शेवटची ओळ नक्की लिहा. स्पेनने 1996 ला हयात असलेल्या ब्रिगेडवाल्यांना आपलं नागरिकत्व देऊ केलं, साठ वर्षांनी, म्हाताऱ्या माणसांना. त्यांच्या स्वतःच्या देशाने निदान काय केलं होतं ते तरी लिहावं.

आणखी एक. तुमच्याकडची मंडळी वळिवड्याला येतात, फुलं वाहतात, आमच्याकडची म्हातारी माणसं त्यांना हाताला धरून बराकी कुठे होत्या ते दाखवतात. तेव्हा कोणी विचारत नाही की त्या पाच हजारांत कोण कुठल्या पक्षाचं होतं. परक्या मुलखात आलेली माणसं होती, एवढं आम्हाला पुरलं होतं.

मी सप्टेंबरात कोल्हापूरला जाणार आहे. आजी आता नव्वदीची आहे, ऐकू कमी येतं, पण कानाशी बसून मोठ्याने वाचलं की सगळं कळतं, हे पत्र तिला वाचून दाखवणार आहे. तोपर्यंत तुमचं उत्तर आलं तर तेही दाखवीन. पोलिशमध्येच पाठवा, मी तिला मराठीत सांगेन.

तुमची,
प्रागा-पूवनोत्समध्ये राहणारी एक कोल्हापूरकर